आखरावरची शिट्टी

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या बाजूला, एका पक्ष्याचं मोठं चित्र लावलेलं आहे. खाली काचेच्या बरण्यांत साप आणि बेडूक, वर तो पक्षी. दोन वर्षं मी त्या चित्राखालीच बसत होते, कारण पुढची बाकं गोंदियातल्या मुली आधीच धरून ठेवायच्या. मुठीत मावेल एवढा पक्षी. पाठ हिरवी, खांद्यावर चमकदार निळा तुकडा, गळा पांढरा, पोट बदामी, डोळ्यावरून काजळासारखी काळी पट्टी आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखं लाल. शेपटी इतकी आखूड, की चित्र काढणाऱ्याचा कागद तिथेच संपला असावा असं वाटायचं. खाली नाव होतं: नवरंग.

दुसरं वर्ष संपताना सरांनी सांगितलं, सुट्टीत आपापल्या गावातल्या एका प्राण्याचं निरीक्षण करून आणा, तोच तुमचा प्रकल्प. कोणी पाल म्हणालं, कोणी डास, कोणी घरामागची मुंगूसजोडी. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रकल्प म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे विचारायला घरी कोणी नव्हतं आणि वर्गात विचारायची लाज वाटायची. घाबरून वर पाहिलं आणि जे दिसलं ते बोलून टाकलं.

"नवरंग, सर."

सरांनी चष्मा काढला. "तुमच्याकडे आहे?"

"असेल, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "नागझिऱ्याच्या बाजूची ना तू? मग असेलच. मे संपता संपता येतो. पण सकाळी अंधारात उठावं लागेल. आणि वहीत जे दिसेल ते सगळं लिहायचं. महत्त्वाचं काय, बिनमहत्त्वाचं काय, ते नंतर ठरवू." त्यांनी त्या पक्ष्याच्या आवाजाची एक ध्वनिफीत माझ्या मोबाईलवर पाठवली.

होस्टेलवर माझ्या खोलीतल्या मुलीनं चित्र पाहून विचारलं, "तूने कभी देखी है ये चिड़िया?"

"नहीं."

"तो फिर बोली क्यों?"

मी बॅग भरायला लागले.

गाडीतून सौंदडला उतरून पुढे ऑटोनं गावात पोचले, त्याच दिवसापासून मी मोबाईलमधला फोटो दाखवत फिरू लागले. आमचं गाव सडक अर्जुनी तालुक्यात, अगदी जंगलाला खेटून आहे. मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपण आणायला अख्खं गाव रानात जातं. तरी तो फोटो पाहून सगळ्यांनी मान हलवली. बाबा म्हणाले, हा मोर-पोपटासारखा कुठंतरी पाळत असतील. मायनं फोटो जवळ धरून, लांब धरून पाहिला.

"इतक्या रंगाचं पाखरू आपल्या रानात असतं तर मले दिसलं नसतं का? माही हयात गेली त्या रानात."

मला तिचं पटलं. सरांना काय तोंड दाखवायचं, याचीच मी चिंता करू लागले.

चार-सहा दिवसांनी एका पहाटे मी लवकर उठले. पाऊस भुरभुरत होता. माय अंगणात खराटा मारत होती आणि गाय गोठ्यात बसून रवंथ करत होती. मी ओट्यावर बसून मोबाईलवरचा तो आवाज लावला. दोन सुरांची शिट्टी. पहिला सूर वर चढणारा, दुसरा खाली उतरणारा. फीऽ-ट्यू. फीऽ-ट्यू.

माय वळलीही नाही. "गाय सोड बाई. गायकी आला."

आणि गाय उभी राहिली होती.

मला आधी काही समजलंच नाही. "माय, गायकी नाही आला. हा मोबाईल आहे."

"कायचा मोबाईल? त्याचीच शिट्टी आहे."

मी पुन्हा लावून दाखवलं. गायीनं कान टवकारले आणि दाव्याला हिसका दिला. माय खराटा हातात धरून जवळ आली, मोबाईलकडे पाहिलं, गायीकडे पाहिलं, मग म्हणाली, "बंद कर थो. गाय पागल होईल."

इथं आमच्या गावची रीत सांगायला हवी. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकली की गुरं मोकळी सोडता येत नाहीत. म्हणून सगळ्या गावाची गुरं रानात चारून आणायला एक माणूस ठरलेला असतो. त्याला आम्ही गायकी म्हणतो. वर्षाला घरटी ठरलेलं धान त्याला मिळतं. गावाच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे, एक मोकळी जागा आहे, तिला आखर म्हणतात. सकाळी गायकी आखरावर येऊन शिट्टी मारतो. शिट्टी ऐकली की घरोघरी दावी सुटतात आणि गुरं आपली आपण आखराकडे चालू लागतात. उन्हाळ्यात तो हाळी देतो, पावसाळ्यात शिट्टी मारतो, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. पावसाच्या आवाजात हाळी ऐकू येत नसेल, म्हणून शिट्टी. यात विचारण्यासारखं कोणाला काही वाटलं नव्हतं.

आमचा गायकी म्हातारा आहे. मी त्यांना आबाजी म्हणते. त्या दिवशी संध्याकाळी गुरं परतल्यावर मी त्यांना आखरावर गाठलं.

"आबाजी, सकाळी शिट्टी तुम्ही मारता ना?"

"कायनं मारू?" त्यांनी तोंड उघडून दाखवलं. वरचा एक आणि खालचे दोन, एवढेच दात शिल्लक होते. "सारी हवा निंगून जाते. शिट्टी कोठून निंगल?"

"मंग कोन मारते?"

त्यांनी काठीनं आखरामागच्या झाडोऱ्याकडे दाखवलं. "थो."

मी मोबाईलमधला फोटो दाखवला. इतके दिवस ज्याला विचारायला हवं होतं त्यालाच मी विचारलं नव्हतं. आबाजींनी फोटोकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "हाच. पन याचा पाय नाई दिसून रायला. पाय लंबे असते त्याचे. अन् शेपटी सारखी खालीवर करते."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी रानात त्याची शिट्टी ऐकून ऐकून तेच शिट्टी मारायला शिकले. गुरांना त्या शिट्टीची सवय लागली, गावाला लागली. पुढं एकेक दात गेला. "माही शिट्टी गेली, त्याची रायली. कोनी विचारलं नाही, मी सांगतलं नाही." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "तू बी गावात सांगू नोको बापा. हासतील."

"नाही सांगत," मी म्हणाले. खरंच सांगायचं नाही असंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी गुरं रानाला लावून, ती नाल्याच्या पलीकडे चरत असताना आबाजींनी मला तो दाखवला. मी वर फांद्यांमध्ये शोधत होते.

"डोरे वर कायले करतेस? खाली पाह्य."

खाली फक्त पालापाचोळा होता. सागाची, तेंदूची कुजकी पानं, मध्ये ओला चिखल. बराच वेळ काही दिसलं नाही. मग एक पान उलटलं. वाऱ्यानं नव्हे, कारण वारा नव्हता. आणखी एक पान उलटलं, आणि त्यामागून तो टुणकन उडी मारून बाहेर आला. चालत नाही तो, उड्या मारतो. दोन उड्या, थांबणं, मान वाकडी करून जमिनीकडे कान दिल्यासारखं करणं, मग चोचीनं पान फेकून देणं. खालून गांडूळ ओढून काढलं. झाडीतल्या त्या अर्ध्या अंधारात त्याचे सगळे रंग विझल्यासारखे होते. हिरवा म्हणजे सावलीचा एक तुकडा, बदामी म्हणजे वाळलेलं पान. एवढे रंग अंगावर घेऊनही तो लपू शकतो, हे मला चित्राखाली बसून कधी कळलं नसतं. तो आखूड पंख फडफडवत एका बुटक्या फांदीवर गेला, तेव्हा कुठं खांद्यावरचं निळं क्षणभर पेटलं. तिथं बसून त्यानं मान पार मागे टाकली, चोच आभाळाकडे केली आणि शिट्टी मारली. फीऽ-ट्यू. एवढ्याशा छातीतून गावभर जाणारा आवाज. मायनं हयातभर ऐकलेला, दोन वर्षं मी ज्याच्याखाली बसले तो, हाच.

मला का रडू आलं ते मला नीट सांगता येणार नाही. आबाजी बिडी शोधत असल्यासारखं दुसरीकडे पाहत राहिले.

पुढं काही दिवसांनी त्यांनी घरटंही दाखवलं. करवंदाच्या जाळीच्या बुडाशी वाळकी पानं आणि काटक्यांचा एक ढीग होता, साधारण फुटबॉलएवढा. मी त्याच्या बाजूनं दोनदा गेले होते. आबाजी म्हणाले, "कचरा नोहे. घर आहे." वाकून पाहिल्यावर बाजूला एक गोल दार दिसलं. त्या रंगीत पक्ष्यानं इतकं साधं, मातकट घर बांधावं याचं मला हसू आलं. आत पांढरी, बारीक ठिपक्यांची अंडी होती. मी एकदाच पाहिली, पुन्हा जवळ गेले नाही. सरांनी तसं बजावलं होतं.

त्या वर्षी कॉलेज उशिरा सुरू होणार होतं. मी रोज अंधारात उठून, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, आखराच्या कडेला एका पळसाच्या बुंध्याशी बसू लागले. वहीच्या पानाच्या डाव्या बाजूला वेळ आणि उजव्या बाजूला जे दिसलं ते. सगळं लिहा असं सर म्हणाले होते, म्हणून मी खरोखर सगळं लिहीत होते. कोणता पक्षी आधी बोलला, पाऊस होता का, कोण माणूस बाजूनं गेला. दोन नवरंग होते. नर कोणता आणि मादी कोणती, मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही, दोघेही सारखेच. दोघेही आळीपाळीनं त्या गोल दारात शिरायचे. एक आत गेला की दुसरा पानं उलटत फिरायचा.

आता माझी चूक.

एका संध्याकाळी माय तांदूळ निवडत होती आणि मी तिला वही वाचून दाखवत होते. मी कॉलेजात काय शिकते हे तिला कधी कळत नसे. मी एखादा शब्द सांगितला की ती "हो का" म्हणायची आणि तिचं लक्ष दुसरीकडे जायचं. त्या दिवशी मात्र ती ऐकत होती. गांडूळ, घरटं, शेपटी. ती प्रश्न विचारत होती. मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात मी आबाजींच्या दातांचंही सांगून टाकलं. माय सूप बाजूला ठेवून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझ्या अभ्यासावर घरात पहिल्यांदाच कोणी असं हसत होतं. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर पाणी भरताना मायनं ते सांगितलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. दुपारपर्यंत गावभर झालं.

"गायकीबुवा, तुमचा साहेब उठला का आज?"

"यंदा अर्धे धान पाखराले द्या बापा. डिवटी थोच करून रायला."

"दात बसवा एखादा. तीन दातांत का होते?"

मी पळसापाशी बसलेली असताना आबाजी नेहमी "का मनते तुहा साहेब?" असं पाखराबद्दल विचारायचे. त्या दिवसापासून मान खाली घालून यायचे, दगडावर बसायचे आणि गुरं घेऊन जायचे. मी दोनदा माफी मागायला उठले आणि दोनदा खाली बसले.

बाजाराच्या दिवशी ते सडक अर्जुनीला गेले आणि लाल प्लॅस्टिकची शिट्टी घेऊन आले. दोरीची, खेळाच्या मैदानावर वाजवतात तसली. मला वाटतं त्यांना गावाला दाखवून द्यायचं होतं, की शिट्टी मीच मारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आखरावर अर्धी गुरं जमली होती, आमची गाय पुढं होती. आबाजींनी छाती भरून शिट्टी फुंकली.

असा आवाज आमच्या गुरांनी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या गायीनं शेपूट वर केली आणि जी उधळली, ती सरळ बांधावरून खाली. तिच्यामागं सगळी गुरं. बांधाखाली गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याच्या, आम्ही ज्यांना मोठे काकाजी म्हणतो त्यांच्या, रोपांची जागा होती. हिरवेगार, बोटबोट वाढलेले पऱ्हे. आबाजी काठी घेऊन धावत होते आणि गळ्यातली शिट्टी त्यांच्या छातीवर आपटत होती. मी, माय, आणखी चार बायका धावलो. गुरं हाकलून बाहेर काढली तेव्हा तिथं नुसता चिखल राहिला होता.

मी परत येऊन जाळीकडे पाहिलं. गुरं उलट्या बाजूला पळाली होती, म्हणून घरटं वाचलं. पण त्या सकाळी नवरंग बोलला नाही. दुपारी कुठं एकदा, हळू आवाजात, बोलला.

मोठ्या काकाजींनी गायकी बदलायचं काढलं. रविवारी मारुतीच्या ओट्यावर बैठक ठरली. शेजारच्या गावातला एक माणूस तयारच होता म्हणे. रोपांचं नुकसान एवढाच मुद्दा असता तर कदाचित भागलं असतं, गावातल्या लोकांनी आपापल्या उरलेल्या रोपांतून थोडे थोडे पऱ्हे काकाजींना द्यायचं कबूल केलं होतं. पण काकाजींचं म्हणणं दुसरंच होतं. म्हाताऱ्याला सकाळी जाग येत नाही, पाखरू ओरडतं तेव्हा हा उठतो, एवढी वर्षं गाव त्या पाखराच्या भरवशावर होतं. आणि हे म्हणणं माझ्या बडबडीतून निघालं होतं. आबाजींना दुसरं काम नाही. घरी म्हातारी आहे. गुरं गेली तर ते सकाळी उठून कुठं जाणार, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

शनिवारी दुपारी मी वही उघडून बसले. खरं तर प्रकल्पासाठी पहिल्या शिट्टीच्या वेळा एका कागदावर काढत होते. काढता काढता माझं लक्ष उजव्या बाजूच्या ओळींकडे गेलं. मी एक पान उलटलं, मग दुसरं, मग सगळी.

बाबा बैलांना कडबा टाकत होते. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. "बाबा, हे तुम्ही उद्या बैठकीत वाचून दाखवाल का?"

त्यांनी वही हातात घेतली, उलटी-सुलटी केली. "तुहं अक्षर मले वाचता येते का? तूच वाच."

"मी? सगळ्यांसमोर?"

"मंग कॉलेजात कायले पाठवलं तुले?"

रविवारी ओट्यावर पुरुष बसले होते. बायका खाली, कडुलिंबापाशी. आबाजी सगळ्यांपासून जरा दूर, काठी आडवी मांडीवर घेऊन. मोठ्या काकाजींनी आपलं म्हणणं मांडलं. कोणीतरी आबाजींना विचारलं, तुमचं का मननं आहे? ते म्हणाले, "आता तुमी मनाल तसं."

मला उभं राहायला किती वेळ लागला ठाऊक नाही. "काकाजी, मी रोज तिथं बसत होते. मी लिहिलं आहे. वाचू का?"

"वाच ना. पाखराचंच आहे ना?" लोक हसले.

मी वाचायला लागले. आधी तारीख, मग ओळ.

"अंधूक उजेड. आबाजी आले. दगडावर बसले. बिडी. नंतर पहिली शिट्टी."

"पाऊस. आबाजी आले. बिडी पेटत नाही. तीन काड्या वाया. नंतर पहिली शिट्टी."

"आबाजी आले. खूप खोकला. पक्षी गप्प. खोकला थांबल्यावर शिट्टी."

"काहीच दिसत नाही इतका अंधार. आबाजी आधीच येऊन बसलेले. मीच उशिरा आले."

तीन काड्यांवर लोक हसले होते. नंतर हसणं थांबलं. मी एकेक दिवस वाचत गेले. पाखरू त्यांना उठवत नव्हतं. पाखरू उठायच्या आधी ते आखरावर येऊन बसत होते.

मग एक पान आलं आणि मी अडखळले. ते पान मला आदल्या दिवशीच दिसलं होतं. ते वगळावं का, याचा मी रात्रभर विचार केला होता. पण सगळं लिहायचं म्हटलं होतं, तर सगळं वाचायलाही हवं.

"पहिली शिट्टी. आबाजी आलेले नाहीत. गुरं आखरावर येऊन उभी. बऱ्याच वेळानं आबाजी आले. कपडे चिखलानं भरलेले."

"आयका!" मोठे काकाजी म्हणाले. "आता पोरगीच सांगून रायली."

खाली कडुलिंबापाशी माय उभी राहिली. आमच्या बैठकीत बाया सहसा बोलत नाहीत. तिनं पदर डोक्यावर ओढला. "काकाजी, त्या दिवशी आमची कालवड दावं तोडून नाल्यात फसली होती. अंधारात गळ्यापर्यंत चिखल. आमच्या घरी कोनाले पत्ता नव्हता. या बुढ्यानं काढली अन् घरी आनून बांधली." मग आबाजींकडे पाहून म्हणाली, "बोरिंगवर मीच हासली होती. तवा हे नाही सांगतलं. आता सांगून रायली."

मोठे काकाजी आबाजींकडे वळले. त्यांच्या आवाजातला जोर कमी झाला होता. "मंग तू आधीच येऊन बसतेस, तर हाळी काऊन नाही देत? पाखराची वाट कायले पाहतेस?"

आबाजी म्हणाले, "गुरं त्याच्या शिट्टीवर सुटते. मी आधी बोंबलून का करू?" मग काठीकडे पाहत, हळू म्हणाले, "अन् ऐकाले बरं वाटते."

"हे आधी काऊन नाही सांगतलं?"

"कोनी विचारलं का?"

यावर मात्र सगळेच हसले, काकाजीसुद्धा. फार मोठा निर्णय झाला असं नाही. "यंदाचं साल राहू द्या, पुढं पाहू," असं काकाजी म्हणाले आणि प्लॅस्टिकची शिट्टी पुन्हा वाजवायची नाही एवढं ठरलं. आबाजी उठले, माझ्याजवळून जाताना थांबले. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "बिडीच्या काड्या बी मोजतेस का वं पोट्टे?"

कॉलेज सुरू होण्याच्या दोन दिवस आधी पिल्लं घरट्यातून बाहेर पडली. आईबापांसारखे रंग नव्हतेच, मळकट, गोंधळलेली, शेपटी तर नावालाही नाही. पानांतून उड्या मारत ती जाळीत शिरली. गोंदियाला आल्यावर मी प्रकल्प सरांना दिला. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. मी नीट लिहून काढलेले कागद बाजूला ठेवून ती मूळ वहीच त्यांनी वाचली. "हे आबाजी कोण?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. बोलताना पहिल्यांदाच माझा आवाज बारीक झाला नाही, असं मला वाटतं. सर म्हणाले, यातली एकही ओळ काढू नकोस.

दिवाळीच्या आधी सुट्टीत मी गावी गेले तेव्हा धान पिवळं पडायला लागलं होतं. सवयीनं अंधारात उठले आणि पळसापाशी जाऊन बसले. आबाजी आले. दगडावर बसले. बिडी पेटवली, एका काडीत पेटली. मग काठी मांडीवर घेऊन त्यांनी झाडोऱ्याकडे पाहिलं आणि बसून राहिले.

"आबाजी, कायची वाट पाहून राहिले? तो गेला ना आता?"

नवरंग थंडीला दक्षिणेत जातो, पार लंकेपर्यंत, हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. एवढ्याशा पंखांवर तो एवढं लांब कसा जातो, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

"गेला. पन बसनं रायलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुह्ये दात आहेत ना सारे?"

"आहेत."

"मंग मार."

पोरीनं शिट्टी मारली की माय रागावते. लहानपणी त्यासाठी मी मार खाल्ला आहे. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ओठ गोल केले. नुसती हवा निघाली. आबाजी आपलं रिकामं तोंड उघडून हसले. "माह्या सारखीच आहे!" दुसऱ्यांदा एक सूर आला. तिसऱ्यांदा दोन्ही आले, पहिला वर चढणारा, दुसरा खाली उतरणारा, कापरे, पण त्याच्यासारखे.

आमचं घर आखरापासून तिसरं आहे. मायचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "गाय सोडा वं. गायकी आला."

थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी आमची गाय दिसली. बैठकीनंतर आबाजींनी ती लाल प्लॅस्टिकची शिट्टी तिच्याच गळ्यात घंटेशेजारी बांधून टाकली होती, जी उधळली तिलाच शिक्षा म्हणून. ती डुलत डुलत येत होती आणि शिट्टी तिच्या मानेवर इकडून तिकडे आपटत होती.